राखुंडी

बुधराम पचारे हा ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. कारखाना सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं, पण तो कधी फाटकाच्या आत आला नव्हता. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र तो सकाळी नऊलाच येऊन उभा राहिला. खांद्यावर गोणी होती आणि गोणीतून पाणी ठिबकत होतं.

प्रणिता कापगते त्याला आत घेऊन आली. कारखान्याच्या सुरक्षेचं सगळं काम तिच्याकडे होतं.

"काय आणलंत, पचारेजी?"

"जाळं आहे, बाई. चावते."

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"घरात ठेवलं तं काही नाही," बुधराम म्हणाला. "आंगनात वाळू घातलं का डोळे झोंबतात. मुतारीवानी वास येते. घरवाली कौसल्या दोन दिसांपासून डोळे चोळून राह्यली. तुमच्या कारखान्यातून काही सुटलं का, येवढं सांगा."

काही सुटलेलं नव्हतं. एकही नळी गळत नव्हती, एकही काटा हलला नव्हता. प्रणिताने सकाळीच सगळं तपासलं होतं. तरी तिने जाळं बाहेरच्या ओट्यावर पसरलं, अर्धं सावलीत आणि अर्धं उन्हात, आणि वरून बादलीभर स्वच्छ पाणी ओतलं. मग दोघं थांबली. दहा मिनिटांनी ती सावलीतल्या भागावर वाकली. नुसता ओल्या दोऱ्याचा वास आला. उन्हातल्या भागावर वाकली आणि झटक्यात मागे सरली.

अमोनियाच होता. तो वास ओळखायला तिला यंत्राची गरज नव्हती. पण अमोनिया गळतो तो नळीतून, टाकीतून. जाळं काही टाकी नव्हतं. जाळ्यात तो भरलेला नव्हता, तिथल्या तिथे तयार होत होता.

या कारखान्यात येण्याआधी प्रणिताने बावीस वर्षं समुद्रकाठच्या एका जुन्या खतकारखान्यात काढली होती. हवेच्या पाच भागांतले जवळजवळ चार भाग नायट्रोजन असतो, पण त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने असे घट्ट धरून बसतात की पिकाला त्याचा काही उपयोग होत नाही. तो बंध लवकर तुटावा म्हणून उष्णता लागते. पण तापमान फार वाढवलं, तर तयार झालेला अमोनियाच पुन्हा फुटायला लागतो. मग त्याला फुटू न देण्यासाठी दाब वाढवायचा. साडेचारशे अंश तापमान, हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब आणि मध्ये लोखंडाचा उत्प्रेरक, अशी शंभर वर्षांहून जुनी तडजोड होती ती. भांड्याच्या भिंती वीतभर जाड. त्या पोलादातही हायड्रोजन शिरायचा आणि त्याला आतून ठिसूळ करायचा. तिथे प्रणिताने तडे शोधले, झडपा बदलल्या, दोन माणसांना हॉस्पिटलात पोचवलं. पण त्या अजस्र यंत्राचा एक गुण होता. कॉम्प्रेसर बंद केला की ते थांबायचं.

तिचा नवरा हेमराज बारा वर्षं अशा भुकटीच्या मागे होता जिला हे काहीच लागणार नाही. आणि ती त्याला सापडली. मऊ, करडी, पिठासारखी. काचेच्या पाटीवर तिचा पातळ थर द्यायचा, वरून पाणी वाहू द्यायचं आणि ती उन्हात ठेवायची. उन्हाच्या जोरावर ती पाण्यातला हायड्रोजन सोडवायची आणि हवेतल्या नायट्रोजनला जोडायची. ना भट्टी, ना दाब, ना पोलाद. हेमराजने कारखाना काढला तो भंडारा जिल्ह्यात, आपल्या गावी, कवडीबांध तलावाच्या काठावर. नुसत्या काचेच्या पाट्यांचं शेत. कामगारांनी भुकटीचं नाव ठेवलं राखुंडी, कारण ती दिसायची दात घासायच्या राखेसारखी.

आणि उत्प्रेरक म्हटला की तो काम करतो, पण स्वतः खर्च होत नाही. चिमूटभर असला तरी संपत नाही. हीच गोष्ट हेमराज भाषणांत अभिमानाने सांगायचा. ओट्यावर उभ्या प्रणिताला तीच गोष्ट आठवली.

तिने बुधरामला जाळं पोत्यात घालून अंधारात ठेवायला सांगितलं आणि ती हेमराजच्या खोलीत गेली.

"मार्चमध्ये पाट्या बदलल्या," ती म्हणाली. "तेव्हा जुन्यांचं वजन केलं होतंस. किती कमी भरलं?"

हेमराजने संगणकाच्या पडद्यावरून नजर उचलली नाही. "का?"

"किती, हेमराज?"

"अडतीस किलो."

"आणि ते कुठे गेलं?"

"वजनकाट्याची चूक धरली होती मी."

"धरली होतीस, का तसं लिहिलं होतंस?"

पाट्या दर आठवड्याला धुतल्या जायच्या. धुण्याचं पाणी गाळणीतून तलावात जायचं. भुकटी पाटीवरून सुटत असेल, तर एवढ्या बारीक कणांना ती गाळणी काय अडवणार होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"अडतीस किलो म्हणजे किती, प्रणिता," शेवटी तो म्हणाला. "साठ हेक्टरचा तलाव आहे. उलट कालव्यावरचं धान बघ. युरियाचा दाणा न टाकता काळंभोर आलंय. लोक खूश आहेत."

"मासे खूश आहेत का?"

"मला दोन महिने दे. याच महिन्यात अकरा ठिकाणी भुकटी गेली आहे. डिसेंबरात सगळे प्रकल्प सुरू होतील. आत्ता बोललो तर सगळंच बंद पडेल. पाटीवर भुकटी पक्की बसवायचा उपाय माझ्याकडे तयार आहे."

"पाटीवरची बसवशील. तलावातली?"

हेमराज खुर्चीवरून उठला.

दुपारी बारा वाजता दोघं तलावाच्या पाळीवर पोचली, तेव्हा तिथे तीस-चाळीस माणसं जमली होती. पाण्यावरची हवा झोंबत होती. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. एक मोठा रोहू काठाशी कुशीवर पडून हळूहळू गोल फिरत होता. प्रणिताने पाण्यातल्या अमोनियाचं मोजमाप घेतलं. रोजच्यासारखं सकाळी आठला घेतलं होतं त्याच्या सहापट आकडा होता. ऊन चढत होतं तसा तो चढत होता.

लोक हेमराजकडे बघत होते. तीनशे वर्षांपूर्वी हा तलाव त्याच्याच पूर्वजांनी बांधला असं गाव मानायचं. तो बोलेल ते खरं, इतका त्याचा मान होता.

"पाणी बिघडलं का जी, भाऊ?" कोणीतरी विचारलं.

प्रणिता बोलणार, तेवढ्यात हेमराज पाळ उतरून खाली गेला. गुडघाभर पाण्यात उभा राहिला, ओंजळ भरली आणि सगळ्यांदेखत तोंडावर पाणी मारलं. एकदा, दोनदा, तीनदा.

"काही नाही बिघडलं," तो चेहरा पुसत म्हणाला. "उन्हाने पाणी तापलं, हवा कमी पडली. होतं असं."

लोक पांगले. संध्याकाळी प्रणिताने कालव्याचं दार बंद करायला लावलं आणि तलावातून गावाला जाणारा पिण्याच्या पाण्याचा पंप थांबवला. हेमराजने अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी काढायला अंगणात गेला आणि मिनिटभरात डोळ्यांवर हात दाबून आत आला.

"धूळ गेली काहीतरी."

त्याने डोळे धुतले. आत बसल्यावर बरं वाटलं, म्हणून पुन्हा बाहेर गेला आणि या वेळी भिंतीला धरून परतला. डोळे लालबुंद झाले होते. प्रणिता पाणी घेऊन धावली. पाणी मारता मारता तिचा हात थबकला. तिने तांब्या खाली ठेवला, उठून एकेक खिडकी बंद केली, पडदे ओढले, वरून चादरी टाकल्या. सबंध घर अंधारून गेलं.

"काय करतेस?"

"डोळा ओला असतो, हेमराज. हवा असतेच. आणि बाहेर गेलास की..."

तिने वाक्य पुरं करायची गरज नव्हती. भुकटी त्याचीच होती. अंधारात तिला त्याचा श्वास ऐकू आला, भराभर, लहान मुलासारखा.

"किती असेल?" त्याने विचारलं. "कणभरच असेल ना?"

कणभर असली तरी ती संपणार नव्हती.

साकोलीहून डोळ्यांच्या डॉक्टर तबस्सुम काझी आल्या. प्रणिताच्या सांगण्यावरून त्यांनी लाल दिव्यात डोळे तपासले, कारण लाल प्रकाशात राखुंडी जागी होत नसे. त्यांनी तासभर डोळे धुतले, पापण्या उलटून पुसल्या.

"खूपशी निघाली," बाहेरच्या खोलीत येऊन त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण बुबुळावरच्या पडद्यात जी रुतलीय, ती मला ओढून काढता येणार नाही. चुन्याने डोळा जळतो ना, तसंच हे. फरक एवढाच की चुना एकदा जाळतो. हे रोज जाळेल."

"गावातही आहेत असे," प्रणिता म्हणाली. तिला कौसल्या आठवली होती.

संध्याकाळपर्यंत सात जण निघाले. कौसल्या, दोन ढिवर आणि घाटावर कपडे धुणाऱ्या चार बायका. प्रत्येक घराच्या खिडक्यांना गोधड्या आणि पोती लागली. दिवसा गल्लीतून जाताना आतून हळू आवाजात बोलणं ऐकू यायचं, आणि दार वाजवलं की आतून पहिला प्रश्न यायचा, दार उघडलं तर ऊन कुठवर येईल. लोकांनी दोरीवरचे कपडे काढून घेतले. तलावावर आलेले बगळे मात्र चिखलात पाय बुडवून उडून जात होते. कुठल्या तळ्यावर जाऊन उतरत होते, कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी ती बुधरामच्या घरी गेली. तो पडवीत बसून होता.

"तलाव झाकता येत नाही," ती म्हणाली. "रिकामा करावा तर पाण्याबरोबर शेताशेतात जाईल. काय करावं, मला कळत नाही, पचारेजी." हे ती पहिल्यांदाच कोणाला बोलून दाखवत होती.

बुधराम म्हणाला, "एक सांगू का, बाई? माझं मोठं जाळं नाही चावत."

"कुठलं?"

"तळाले घासत जाते थे. वाळू घाला, पाणी मारा, काही होत नाही. लहानं जाळं वरच्या वर राह्यते, थेच चावते. दोन्ही एकाच पान्यातले."

मोठं जाळं परसात पडलं होतं. प्रणिताने ते हातात घेतलं. दोऱ्यांना तळाचा काळा, बुळबुळीत गाळ चिकटला होता. तिने तो नाकाशी नेला. सडलेल्या अंड्याचा वास आला.

गंधक. जुन्या कारखान्यात बावीस वर्षं ती त्याच्याशी लढली होती. वायूच्या दहा लाख भागांत एक भागही गंधक राहू द्यायचं नाही, कारण ते उत्प्रेरकाला चिकटून बसलं की तो कायमचा निकामी होतो. त्यासाठी मजलाभर उंचीच्या दोन टाक्या नुसतं गंधक गाळत उभ्या असायच्या. आणि इथे तलावाच्या तळाशी, जिथे हवा पोचत नाही तिथे, कुजलेल्या पानांच्या गाळात ते आपोआप तयार होत होतं. जी राखुंडी तळाला बसली ती मेली होती. पाण्यात तरंगत होती तेवढीच जिवंत होती.

घरी येऊन तिने अंधारात हेमराजला सांगितलं. तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"गाळ ढवळायचा," ती म्हणाली. "सगळा तलाव काळा करायचा. उरलेले मासेही मरतील. पण भुकटी मरेल."

हेमराज तिच्याकडे वळला.

"एकदा गंधक बसलं की निघत नाही," तो म्हणाला. "मी किती प्रयोग केले होते. निघतच नाही." त्याच्या आवाजात दुःख होतं की सुटका, तिला कळलं नाही. "ढवळा."

"आणि त्या अकरा जागा?"

"आधी हे होऊ दे. उपाय लागू पडतो हे बघू, मग उपायासकट कळवू. नाहीतर नुसती घबराट होईल."

तिने तेव्हाच फोन उचलायला हवा होता. पण त्याचा हात तिच्या मनगटावर होता. ती हो म्हणाली. पुढे कितीतरी दिवस तिला आपलं ते हो आठवत राहिलं.

पाच दिवस ढिवरांनी तलाव ढवळला. डोंग्यांच्या मागे ओंडके आणि लोखंडी दाताळी बांधली आणि एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत तळ खरवडत नेला. गाळातून निघणारा वायू विषारी असतो, म्हणून प्रणिताने वारा पाठीशी ठेवून डोंगे चालवायला लावले, सगळ्यांना कारखान्यातले मुखवटे आणि चष्मे दिले आणि सूर्य वर यायच्या आत काम थांबवायची शिस्त लावली. तरी रोज सकाळी डोंगराआडून ऊन फुटायला लागलं की वल्ही भराभर पडायची, माणसं मागे वळून वळून बघायची. पाणी शाईसारखं काळं झालं. चौथ्या दिवशी सगळा तलाव मेलेल्या माशांनी पांढरा दिसत होता. बुधराम पाळीवर उभा राहून ते बघत होता.

"मासोळीचं बीज टाकू परत," तो एवढंच म्हणाला. "तलाव राह्यला तं."

दुपारच्या मोजमापाचा आकडा रोज उतरत गेला. पाचव्या दिवशी बाराला घेतलेला आकडा आणि पहाटेचा आकडा सारखाच आला. प्रणिताने तीनदा मोजला.

डोळ्यांसाठीही गंधकच शोधायचं होतं, पण डोळ्याला सोसेल असं. ते डॉक्टर काझींनी सुचवलं. कफ पातळ करणारं एक साधं औषध असतं, त्याच्या रेणूत गंधक असतं आणि ते पातळ करून डोळ्यात घातलेलं चालतं. आठही जणांना दर दोन तासांनी थेंब सुरू झाले. तीन दिवसांनी डॉक्टर म्हणाल्या, "आता मला जे करता येण्यासारखं होतं ते झालं. लागू पडलं का नाही, हे बघायला एकच मार्ग आहे."

तो मार्ग म्हणजे ऊन.

"पहिला मी," हेमराज म्हणाला.

सकाळचे दहा वाजले होते. प्रणिताने व्हरांड्याचं दार उघडलं. आठ दिवस अंधारात राहिलेला माणूस उंबऱ्याशी येऊन थांबला. डोळे घट्ट मिटलेले, दाढी वाढलेली. त्याने हात पुढे केला, तिने तो धरला. डॉक्टर घड्याळ लावून शेजारी उभ्या राहिल्या.

"हळू उघडा," त्या म्हणाल्या. "दुखलं की लगेच आत."

त्याने डोळे उघडले. उन्हात त्याची बुबुळं गढूळ काचेसारखी दिसली. तो समोरच्या झाडाकडे बघत होता की नुसत्याच उजेडाकडे, हे तिला कळेना. एक मिनिट झालं. दोन झाली. त्याची बोटं तिच्या हातात रुतत होती. चौथ्या मिनिटाला दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"झोंबतंय?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "इतक्या दिवसांनी उजेड आहे. कशाने येतंय, कळत नाही."

डॉक्टरांनी खिशातून कागदाच्या दोन पट्ट्या काढून प्रणिताच्या हातात दिल्या. साधं पाणी लागलं तर पिवळसर हिरव्या राहायच्या, अमोनिया असेल तर निळ्या व्हायच्या. तिने एक पट्टी त्याच्या उजव्या डोळ्याखालच्या ओघळाला लावली. पट्टी फिकट हिरवी झाली आणि तशीच राहिली. तिने दुसरी डाव्या गालाला लावली. टोकापासून रंग चढायला लागला. हिरवा गडद झाला, मग त्यात निळा मिसळला आणि बघता बघता सगळी पट्टी गर्द निळी झाली.

"काय आलं?" हेमराजने विचारलं. त्याला पट्टी दिसत नव्हती.

डॉक्टर काझी प्रणिताकडे बघत होत्या. दोन्ही बरे आहेत असं म्हणणं प्रणिताच्या ओठांवर आलं होतं. त्याला आत न्यायचं, जेवू घालायचं, उद्या सांगायचं.

"उजवा सुटला," ती म्हणाली. "डावा निळा आहे."

त्याने डोळे मिटले. दोघींनी त्याला आत नेलं, दार लावलं, डाव्या डोळ्यावर काळी पट्टी बांधली. तो डोळा पुढे नागपूरला वाचवण्याचा प्रयत्न झाला आणि वाचला नाही. पण त्या सकाळी ते कोणालाच माहीत नव्हतं. बाकीच्या सात जणांत कोणाचा कुठला डोळा निळा निघेल, तेही माहीत नव्हतं. डॉक्टर बॅग उचलून कौसल्याच्या घरी निघाल्या.

हेमराज खाटेच्या कडेला बसून राहिला. मग हाताने चाचपडत त्याने टेबलावरची वही ओढली आणि तिच्यापुढे धरली. अकरा नावं, अकरा नंबर.

"आत्ता लाव," तो म्हणाला. "एकेक करून. अडतीस किलो कुठे गेले आणि मी काय लिहिलं होतं, सगळं सांग. नाहीतर मला दे, मी सांगतो."

"मीही आठ दिवस गप्प बसले," प्रणिता म्हणाली. "मी सांगते."

यादीतला पहिला प्रकल्प तापीकाठी होता. घंटा वाजत राहिली. प्रणिताचं लक्ष पडद्याच्या फटीतून फरशीवर पडलेल्या उन्हाच्या रेघेकडे होतं. सहाव्या घंटेला कोणीतरी फोन उचलला. उत्साहाने भरलेला आवाज होता, मागे पाणी पडल्याचा आवाज येत होता.

"नमस्कार मॅडम. बोला ना."

तिने सगळं कुठून सुरू करायचं ते मनात मांडून ठेवलं होतं. पण तोंडून वेगळंच आलं.

"तुमच्याकडे ऊन आहे का?"

"आहे की, लख्ख आहे," तो म्हणाला. "चाचणीच्या पाट्या आत्ताच धुवायला घेतल्या. का हो, मॅडम?"